अंड्यावरची छत्री

मनकर्णाच्या तोंडून बालवाडीत एक वाक्य निघून गेलं, आणि त्या एका वाक्यापायी सावेडीतली निम्मी वस्ती ट्रकमध्ये उभी राहून कर्जतकडच्या माळावर गेली. वाक्य तसं साधंच होतं. भिंतीवरच्या तक्त्यात शहामृगाचं चित्र होतं. त्याच्यावर पट्टी टेकवून ती मुलांना म्हणाली, "हा लांबच्या देशातला. पण आपल्याकडंसुद्धा माळावर एक पाखरू असतं बरं का, आपल्या बनूएवढं उंच."

बनू म्हणजे तिचीच लेक. पहिलीत गेली होती, पण सकाळची शाळा सुटली की आईच्या वर्गात येऊन कोपऱ्यात बसायची. सगळ्या मुलांनी वळून बनूकडं पाहिलं, आणि बनूनं पाखराची अब्रू राखायला गुपचूप टाचा उंच केल्या.

संध्याकाळी शेजारच्या लंकाबाई कुंपणाच्या तारेवर कोपरं टेकून उभ्या. "काय हो बाई, आमचा पोरगा म्हणतो, तुमच्या माहेरी माणसाएवढाल्या कोंबड्या असतात म्हणे!"

"कोंबड्या नाहीत हो. माळढोक म्हणतात त्याला. आमच्या गावाकडं हूम म्हणतात."

"मोर म्हणायचं असेल तुम्हाला."

"मोर मला माहीत आहे, लंकाबाई."

"मग करकोचा असेल. लहानपणी सगळंच मोठं दिसतं. मला आमचा बैल हत्तीएवढा वाटायचा." लंकाबाईंच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्या फक्त समजूत घालत होत्या, आणि खोटं पाडण्यापेक्षा समजूत घालणं माणसाला जास्त लागतं.

आठवडाभरात ही गोष्ट चावडीपासून चक्कीपर्यंत पोचली. वाटेत पाखराला शिंगं फुटली, ते माणसांचे डोळे काढायला लागलं, आणि एका आवृत्तीत तर मनकर्णाच्या आज्याला त्यानं पाठीवर बसवून फिरवलं. एक दिवस बनू रिबीन तुटलेली, गुडघा फुटलेला अशी घरी आली. म्हणाली, "आई, त्या पोरी मला थापाड्या बाईची पोरगी म्हणतात. मी एकीला चावले."

गुडघ्याला हळद लावता लावता मनकर्णानं ठरवलं, पोरीला ते पाखरू एकदा डोळ्यांनी दाखवायचं. बेत एवढाच होता. पुढं त्याचा जो तमाशा झाला, त्यात तिचा हात नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही.

योग असा, की त्याच सुमारास तिचा भाऊ मच्छिंद्र कोर्टाच्या कामाला नगरला आला. आला तो शेंगांचं गाठोडं आणि एक बातमी घेऊन. गाठोडं त्यानं सगळ्यांसमोर सोडलं, बातमी बहिणीच्या कानात सांगितली. "आक्के, हूम बसलीया. आपल्या बांधाच्या पल्याड, माळावर. यकच अंडं हाय."

माळढोकीण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं नाही का काडी नाही. मनकर्णाचे वडील, दादा, असं अंडं दिसलं की औत वळवायचे. ती पट्टी त्या साली पडीक राहायची, आणि गुरं लांबच्या वाटेनं जायची. आई रतनबाई सांगायची, "बाळंतिणीच्या खोलीत कुनी डोकावतं का? बोट दाखवायचं न्हाई, बोभाटा करायचा न्हाई. आपन आपली वाट बदलायची."

"तू नि बनू या," मच्छिंद्र म्हणाला. "रैवारी पहाटंच्या यष्टीनं. टेकाडाआडून बगायचं नि माघारी फिरायचं. दुपारच्याला घरी."

दुपारच्याला घरी, हे फार महत्त्वाचं होतं. कारण पाळण्यात पाच महिन्यांचं बाळ होतं, निव्वळ आईच्या अंगावर पिणारं. जन्मल्यापासून मनकर्णा त्याला सोडून बालवाडीच्या पलीकडं गेली नव्हती, आणि बालवाडी घरापासून हाकेवर होती. सासूबाई, भागूबाई, म्हणाल्या, "जा तू. दोन वेळचं मी गाईच्या दुधावर निभावून नेते. पण तिसऱ्या वेळेला तो माझं ऐकायचा नाही."

"त्याच्या आत येते, आत्याबाई."

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती. पण मनकर्णाचा नवरा रंगनाथ सरकारी कचेरीत कारकून होता. अर्ज केल्याशिवाय काही करणं त्याला उघड्या अंगानं बाहेर पडल्यासारखं वाटायचं. लग्नाआधी मनकर्णाला त्यानं जे एकमेव पत्र लिहिलं, त्याचीसुद्धा त्यानं नक्कल ठेवली होती. तो म्हणाला, "अगं, सरकारी पक्षी आहे तो. उद्या कुणी विचारलं तर?"

परवानगी काढायला तो जंगल खात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं विचारलं, "विषय?"

"पक्षी पाहणेबाबत."

"मारायचा असेल तर लायसनचा नमुना आहे. नुसता बघायचा नमुना नाही." मग त्याला रंगनाथची दया आली. "अंडं म्हणता ते झाडावर आहे की जमिनीवर?"

"जमिनीवर."

"मग महसूलकडं जा. झाडावर असतं तर आमचं होतं."

महसूलच्या टेबलावर सांगितलं, "जमीन आमची, पण हलणारी वस्तू आमच्याकडं येत नाही."

"साहेब, अंडं हलत नाही."

"आज हलत नाही. उद्या फुटून चालायला लागलं, तर जबाबदार कोण?"

रंगनाथ सावेडीला परतला तो पार गोंधळून. वाटेत त्याला श्रीमंतराव नाझर भेटले, आणि त्यानं त्यांचा सल्ला घेतला. इथं बेत हातचा गेला.

श्रीमंतराव हे कोर्टातून निवृत्त झालेले नाझर. निवृत्तीनंतर त्यांना ज्या गोष्टीचं अध्यक्ष होता येईल, तिचे ते अध्यक्ष होते. गणेशोत्सव, रस्त्यावरचे दिवे, उंदीर निर्मूलन. माणूस मात्र मनाचा निर्मळ. ते म्हणाले, "रंगनाथराव, ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे वन्यप्राणी सप्ताह! आणि आपल्या वस्तीतली एक बाई एवढं ज्ञान उराशी धरून बसते? ज्ञान कोंडून ठेवू नये. कुजतं."

त्याच रात्री 'सावेडी निसर्ग शिक्षण मंडळ, प्रौढ व बाल विभाग' स्थापन झालं. कुणाच्या तरी मेहुण्याचा खडीचा ट्रक मिळाला. दोन्ही कचेऱ्यांत नाझरांचे जुने हात होते, त्यांतून परवानगीच काय, बंदोबस्ताला छगन नावाचा एक खाकीतला गार्डही मिळाला.

मनकर्णा नाझरांच्या घरी गेली. म्हणाली, "नाझरसाहेब, एवढी माणसं नकोत. ते पाखरू फार बुजरं आहे."

"शिस्तीत नेऊ, बाई. दोन-दोनाच्या रांगा."

"रांगासुद्धा नकोत हो."

"बाई," नाझरांनी चष्मा काढला, "वस्तीत लोक तुमच्याबद्दल काय बोलतात, माझ्या कानावर आहे. मला ते पाहवत नाही. सगळ्यांच्या देखत खरं-खोटं होऊन जाऊ द्या."

यावर मनकर्णा घरी जायला उठली. तिच्या आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या. लंकाबाईंचा आ वासलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला, बनू जिला चावली त्या पोरीचाही आला. घरी येताना तिला दादांचं वळवलेलं औत आठवलं. पण आठवूनही ती परत फिरली नाही.

रविवारी पहाटे बाळाला पोटभर पाजून, झोपलेल्याच्या टाळूवर तेल थापून ती निघाली. ट्रकवर कापडी फलक होता, फलकावर माळढोक म्हणून जो रंगवला होता तो बदकाच्या अंगावर उंटाची मान लावावी तसा होता. पुऱ्यांचे डबे होते, बटाट्याची भाजी होती, एक पेटी होती, आणि पेटी वाजवणारा आलाच नव्हता. मिरजगाव येईपर्यंत मुलांच्या घशातून 'पशुपक्षी आमुचे मित्र' ही घोषणा इतक्यांदा गेली, की वाटेतले सगळे मित्र रस्ता सोडून पळाले.

माहेरच्या वेशीवर मच्छिंद्र बैलगाडी जुंपून उभा होता. ट्रक बघून त्यानं कासरा सोडला. "आक्के, आगं वरात आनली का काय?"

"मी नाही आणली रे. आली."

"वरातीला नवरी लागती. हितं नवरी पळून जायाची." आणि मग नाझरांकडं बघून पाहुणचाराच्या आवाजात, "या, या, रामराम. पानी घ्या."

एवढं मात्र नाझरांनी कबूल केलं, की आधी मनकर्णानं लेकीला घेऊन पुढं जावं, खूण करावी, मग बाकीच्यांनी यावं. त्या साली पावसानं पाठच दाखवली होती, गवत घोट्याच्या वर नव्हतं. टेकाडाच्या माथ्याशी मायलेकी पोटावर पालथ्या झाल्या. मनकर्णानं बनूची हनुवटी धरून वळवली.

आधी काहीच दिसेना. मग मातीनंच मान वर काढली. पांढुरकी लांब मान, डोक्यावर काळी टोपी, पाठ थेट वाळक्या गवताची. ती बसली होती, आणि बसूनसुद्धा तिच्या बसण्यात एक रुबाब होता.

"आई," बनू श्वासातच बोलली, "ती बघतेय."

"हळू."

"तिचं बाळ कुठंय?"

"पोटाखाली. अंड्यात."

"तिला भूक नाही लागत?"

"लागते. पण फार वेळ उठली तर बाळ गार होतं ना."

बनूनं विचार केला. मग बोट पुढं करून विचारलं, "आणि त्याचे बाबा कुठंयत?"

मनकर्णानं ते बोट हळूच आपल्या मुठीत धरलं. "तिकडं बोट नाही दाखवायचं. आजी सांगते. तिच्या बाळाकडं कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून."

बनूनं बोट मिटलं. दोघी तशाच पडून राहिल्या. मातीचा कढत वास येत होता, आणि मनकर्णाला वाटलं, एवढ्यासाठीच आले होते मी. झालं माझं. आता उठावं आणि सगळ्यांना सांगावं, पाखरू नाहीच, मी थापाडीच, चला घरी. तिनं तोंड उघडलं असतंही, पण तेवढ्यात मागून पत्र्याचा कर्णा गरजला.

"शांतता! सर्वांनी शांतता पाळा! पक्षी घाबरेल!"

नाझरांना धीर धरवला नव्हता. त्यांच्या मागोमाग प्रौढ विभाग आणि बाल विभाग असे दोन्ही टेकाडावर चढले.

पाखरू उडालं नाही. ती उठली, पंख सारखे केले आणि चालू लागली. पंगतीत कुणी टोचून बोललं, की एखादी मानी बाई भरल्या ताटावरून उठते, तशी. धावली नाही. पार लांब, बाभळीच्या एका खुंटाशी जाऊन मात्र थांबली.

"अगं बाई, खरंच की हो!" लंकाबाई ओरडल्या. "बनूएवढं काय, माझ्या सासूएवढं आहे!" आणि त्यांनी सगळ्यांदेखत मनकर्णाचा हात धरला. "चुकलं बाई माझं." मनकर्णा इतके दिवस ज्या घटकेची वाट बघत होती ती ही घटका. तिला ती नीट बघतासुद्धा आली नाही. तिची नजर खुंटाकडं होती.

पुढं जे झालं ते सगळं मायेनं झालं. एकानंही वाईट मनानं काही केलं नाही, म्हणून तर कुणाला थांबवता येईना. छगन गार्डनं अंडं शोधलं आणि साहेबांचा हुकूम म्हणून काठी घेऊन त्याच्याशी उभा राहिला. मंडळानं भोवती सुतळी बांधून पताका लावल्या, म्हणजे पोरांचा पाय पडू नये. बायकांनी अंडं पाहिलं, आणि लंकाबाईंचे डोळेच भरून आले. "उघड्या रानात बाळंतीण! ना माहेर ना सासर." त्यांच्या पिशवीत देवीला वाहायचा खण-नारळ होता. त्यांनी अंड्याला हळदकुंकू लावलं आणि पाखराची ओटी जमिनीवरच भरली. एका मुलानं विचारलं, "नाझर आजोबा, ह्याचं आम्लेट केवढं होईल?" त्याला गप्प करून नाझरांनी निसर्गावर भाषण केलं. भाषणात निसर्गाची कूस, निसर्गाचा कोप आणि निसर्गाचा हिशेब असं सगळं येऊन गेलं. मग ऊन चढलं.

"कोवळा जीव आहे, तापेल," नाझर म्हणाले, आणि त्यांनी आपली छत्री उघडून अंड्याशेजारी मातीत रोवली. काळीभोर छत्री, तिच्यावर पांढऱ्या रंगानं त्यांचं नाव आणि 'निवृत्त नाझर' अशी अक्षरं. लग्नकार्यातसुद्धा ते ती कुणाच्या हाती देत नसत. आज स्वतः उन्हात उभे राहिले, टक्कल लाल होईतो.

मनकर्णानं रंगनाथला बाजूला घेतलं. "अहो, सांगा ना त्यांना. निघू या."

"सांगितलं गं. ट्रकचा पाटा तुटलाय. ड्रायव्हर मिरजगावला गेलाय, सायकल मागून."

"मग गावात जाऊन बसू या."

ते तिनं नाझरांनाही सांगितलं. "आपण लांब गेलो की ती येईल, नाझरसाहेब."

नाझरांनी नुसतं वर बोट केलं. पुऱ्यांच्या वासानं कावळे आले होते. एक तरवडाच्या झुडपावर, दोन सुतळीच्या खुंटीवर. "आपण हललो की हे अंडं फोडतील."

"ती आली की कावळे जातील."

"आणि ती येईपर्यंत?"

माणसं आहेत म्हणून आई येत नाही, आई येत नाही म्हणून माणसं हलत नाहीत. नाझर खरंच काळजीनं विचारत होते. आणि खुंटाशी ती पांढुरकी मान दर थोड्या वेळानं चार पावलं पुढं यायची, पताका फडफडली की मागं जायची.

दुपार कलली. घरी तिसरी वेळ होऊन गेली असणार, हे तिला घड्याळानं नाही, अंगानं सांगितलं. छाती दगडासारखी झाली. बायकांत बसून ती पदर पुढून घट्ट घेत राहिली, तरी चोळी भिजलीच. तिकडं घरी पाळण्यात बाळ मूठ चोखत असेल. तिनं मान खाली घातली, आणि गवताची एक काडी मोडत बसली.

लंकाबाईंनी ते पाहिलं. चार लेकरांची आई ती. जवळ सरकून हळू विचारलं, "बाई, अंगावरचं आहे नाही तुमचं?"

मनकर्णानं मान हलवली. मग तिनं खुंटाकडं पाहिलं. लंकाबाईंनीही तिकडं पाहिलं. आणि मग अंड्यावरच्या आपल्या हळदकुंकवाकडं.

"अगं आई गं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग कंबर बांधून उठल्या आणि असा आवाज काढला, की कर्णा लाजावा. "चला रे सगळे! देवळात चहा टाकलाय! गूळ-शेंगा आहेत! उशिरा येईल त्याला मिळणार नाही!"

देवळात चहा नव्हता. शेंगाही नव्हत्या. पण प्रौढ विभाग बाल विभागाच्या पुढं पळाला. छगन गार्ड हुकुमाला बांधलेला, तरी चहाचं नाव ऐकून त्यालाही हुकुमात फट सापडली. नाझर सगळ्यांत शेवटी हलले. जाताना छत्रीची दांडी जरा आणखी आत रोवली. "ही असू द्या. आल्यावर सावली होईल तिला."

मनकर्णा टेकाडाआड थांबली. बनूला तिनं बापाबरोबर धाडलं होतं. माळ एकदम मोठा झाला. पांढुरकी मान निघाली. चार पावलं, थांबली. पुन्हा चार पावलं. मनकर्णा मनानं तिच्याबरोबर चालत होती. पताकांच्या सुतळीपाशी ती आली, मान वाकडी करून तिनं आत पाहिलं. तेवढ्यात वाऱ्यानं छत्रीचं कापड फटकन वाजलं, आणि ती पुन्हा पार मागं.

असं तीनदा झालं.

छत्री काढायला जावं तर ती उडून जाणार. न जावं तर ती येणार नाही. गावाकडून ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. पाटा बसला होता. मनकर्णा उठली आणि वाकून वाकून, पदर दातात धरून, अंड्याकडं गेली. खुंटापासून जड पंखांचा आवाज झाला. ती उडाली, मावळतीकडं, खूप खाली, फार लांबपर्यंत दिसत.

मनकर्णानं छत्री उपटली. सुतळी तोडली, पताका, खण, नारळ ओटीत गोळा केले. अंड्याला हात लावला नाही. फक्त त्याच्यावर तळवा धरला, बाळाला ताप आहे का बघताना धरतो तसा. ऊन उतरलं होतं. कढत लागतंय की गार, तिला कळलं नाही. कुंकू मात्र तेवढं लाल दिसत होतं, आणि तेही पुसायचा धीर झाला नाही. झुडपावर कावळा होता, त्याला तिनं ढेकूळ मारलं. तो पलीकडच्या झुडपावर बसला. तिनं आणखी एक मारलं. हॉर्न वाजला. तिचं लेकरू त्या हॉर्नच्या पलीकडं होतं.

ती निघाली. नाझरांची छत्री काखेत मारून, मागं न बघता.

घरी दिवे लागून गेले होते. भागूबाई बाळाला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. "रडून रडून आता निपचित झालाय गं. बोंडल्यानं दूध घातलं, तेवढं ओघळून गेलं." मनकर्णानं त्याला घेतलं, छातीशी धरलं. त्यानं डोळे उघडून पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा त्यानं धरलं, आणि पिता पिता मधेच एक हुंदका दिला. मनकर्णाला एवढंही पुरलं. ती भिंतीला टेकून रडली, आणि बनू तिच्या पायाशी बसून तिचा अंगठा धरून राहिली.

दिवाळी झाली. त्या साली ती माहेरी गेली नाही, बाळाचं निमित्त सांगितलं. तुळशीची लग्नं लागली, तेव्हा मच्छिंद्र आला. जेवला, पान लावलं, इकडचं तिकडचं बोलला. मनकर्णानं विचारलं नाही, म्हणून अखेर त्यालाच सांगावं लागलं.

"सांजच्याला आली हुती ती, आक्के. तुमी गेल्यावर. बसली बी."

"मग?"

"कावळ्यानं बी न्हाई फोडलं. तसं काय न्हाई झालं." तो सुपारी कातरत राहिला. "फुटायचं दिस कवाच टळलं. अजून बसतीया. उठती, जरा चरती, येऊन चोचीनं अंडं फिरवती, नि पुन्यांदा बसती. कुनी सांगावं तिला?"

बनू दाराशी होती. मनकर्णानं तिला पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. पोरीनं सगळं ऐकलं होतं.

मच्छिंद्र गेला त्याच संध्याकाळी श्रीमंतराव नाझर आले. मागोमाग लंकाबाई, रंगनाथच्या कचेरीतले दोघं, वस्तीतली दहा-पाच पोरं. नाझरांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि काखेत तीच छत्री. "बाई, बंधू आले होते म्हणे! म्हणजे खबर असणार. माझ्या हिशेबानं पिल्लू झालं. आता बारसं! मंडळाची दुसरी सहल. ट्रक परत मिळतोय, या खेपेला पेटीवालासुद्धा नक्की आहे. पिल्लाला नाव काय ठेवायचं, ते बाल विभाग ठरवेल."

पोरांनी नावं ओरडायला सुरुवात केली. रंगनाथ बायकोकडं बघत होता.

मनकर्णानं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "पिल्लू उडालं, नाझरसाहेब."

"उडालं? इतक्यात?"

"पाखरांचं काय, माणसासारखं थोडंच असतं? फुटलं, चाललं, उडालं. आईपण गेली त्याच्याबरोबर. माळावर आता काही नाही."

तिला वाटलं, आता कुणीतरी हसेल. समजूत घालेल. कुणीही हसलं नाही. खऱ्या पाखराला ट्रकभर साक्षीदार लागले होते. हे पिल्लू सगळ्यांनी बसल्या जागी मानून टाकलं. नाझरांच्या डोळ्यांत तर पाणी आलं. "म्हणजे आपल्या हातून एक जीव वाढला," ते म्हणाले, आणि छत्रीच्या कापडावरून त्यांनी हळुवार हात फिरवला. रंगनाथनं खाली बघत विचारलं, उडाल्याचं दोन्ही कचेऱ्यांना कळवायला लागेल का.

पेढे वाटले गेले. लंकाबाईंनी आपला पेढा हातातच ठेवला.

नाझरांनी बनूला जवळ ओढलं. "आणि तू तर पहिल्यांदा पाहिलंस, नाही का? सांग बघू आम्हाला, मामानं काय सांगितलं? कुणीकडं गं उडालं पिल्लू?"

सगळी पोरं बनूकडं बघायला लागली. बनूनं आईकडं पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"नाही सांगायचं," ती म्हणाली.